पट्टी बदलली की

गायकाचा षड्ज जिथे असेल तिथे साथीची सगळी वाद्ये आणून बसवावी लागतात. षड्जाच्या त्या जागेला पट्टी म्हणतात, आणि पेटीच्या सप्तकातल्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्या मोजून तिला नाव पडते. पुरुषांची पट्टी साधारण काळी एक ते काळी दोन, बायकांची पांढरी पाच ते काळी पाच. मंद्र पंचमाला आवाज विरत नसेल आणि तार मध्यम ताण न देता लागत असेल, तर पट्टी बरोबर. घसा बसलेला असला की काळी पाचची गायिका त्या दिवशी पांढरी सहा सांगते. फरक अर्ध्या सुराचाच, पण मागे बसलेल्या सगळ्यांना कामाला लावणारा.

खरी मेहनत तानपुऱ्यावर होते. आधी जोडीच्या दोन पोलादी तारा मध्य षड्जाला, मग पितळी खर्ज, मग पहिली तार पंचमाला; रागात पंचम नसेल तर मध्यमाला किंवा निषादाला. अर्धा सूर खुंटी सांभाळते, बारकावा मणी. पण काळी एकचा तानपुरा काळी चारला चढवता येत नाही. कंपनसंख्या दीडपट करायची तर त्याच तारेवरचा ताण सव्वादोनपट होतो, आणि तार तुटते. म्हणून बायकांचा तानपुरा आकाराने लहान आणि तारा बारीक. पट्टी हलली की जवारीचा दोराही घोडीवर पुन्हा सरकवून जागेवर आणावा लागतो. हे विसरले तर तानपुरा सुरात असूनही मुका वाटतो.

छत्रपती संभाजीनगरच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि खुंट्या सुटतात. त्यावर उपाय खडूचा: खुंटीला तो चोळायचा आणि आत दाबत पिळायची. रंगपटात नीट लावलेला तानपुरा मंचावरच्या दिव्यांखाली तारा तापून उतरतो, त्यामुळे पडदा उघडण्याआधी तो पुन्हा पाहावाच लागतो.

तबलजी हातोडीने गजऱ्यावर आणि गठ्ठ्यांवर ठोकून सूर थोडा वर-खाली करतो. त्यापलीकडे दुसरा तबलाच हवा. गंमत अशी, की काळी एकचा तबला बहुधा पुरुषाच्या तार षड्जाला लागतो, म्हणून त्याची पुडी बाईंच्या काळी चारच्या तबल्यापेक्षा लहान असते.

पेटीवाल्याला पिळायचे काही नसते, बोटे मात्र नव्याने बसवावी लागतात. पांढरी एकला बिलावलचे सातही सूर पांढऱ्यांवर येतात. काळी एकला त्यातले फक्त गांधार आणि निषाद पांढऱ्यावर उरतात, बाकी पाच काळ्यांवर. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेत दर विद्यार्थ्यागणिक पट्टी बदलते, तेव्हा साथीदाराची खरी परीक्षा तीच. ‘स्केल चेंजर’ पेटीत पट्ट्यांचा सगळा संच सरकतो आणि बोटे जुन्याच जागी राहतात. पण पेटी जड होते. एखाद्याच्या काळी एकसाठी नैसर्गिक गांधार लावून घेतलेली पेटी दुसऱ्या पट्टीत उघड बेसूर वाजते.

स्त्री आणि पुरुष एकत्र गाणार असतील तर कुणीतरी पट्टी सोडायची, हीच जुनी वाट. पं. जसराजांच्या ‘जसरंगी’ जुगलबंदीत ती सोडावी लागत नाही. पुरुषाचा मध्यम हाच बाईंचा षड्ज धरतात. तो काळी एकला अभोगी गातो, तेव्हा त्याच पाच सुरांतून काळी तीनला तिचा कलावती उभा राहतो. तानपुरे मात्र दोन्ही पट्ट्यांचे लागतात.