घराचे दार आणि घरातील गारवा

धारवाडच्या जुन्या घरांची जाड सागवानी कवाडे आणि उंच उंबरठे चोराचिलटांना अडविण्यासाठी होते, तसेच भर वैशाखात घर गार राखण्यासही ते साहाय्य करीत. आज हुबळी-धारवाडच्या अनेक घरांत वातानुकूलन यंत्रे आली आहेत, आणि विजेचे बिल वाढू लागले की जुने दार काढून नवे बसवावे, असा विचार गृहस्थाच्या मनात येतो. तो अमलात आणण्यापूर्वी दाराचे कार्य नीट समजून घेणे इष्ट होय.

थंड देशांत दाराने घरातील ऊब राखावयाची असते; येथे बाहेरची झळ अडवावयाची असते. ही झळ दोन वाटांनी आत येते. एक वाट दाराच्या अंगातून. लाकूड हे उष्णतेचे मंद वाहक असल्याने त्याची आतली बाजू लवकर तापत नाही. उलट पातळ पत्र्याचे दार पश्चिमेच्या उन्हात तापून आतही उष्णता फेकते. दुसरी वाट फटींची, आणि तिचे गणित डोळे उघडणारे आहे. २ मीटर उंच व १ मीटर रुंद दाराच्या चारी कडांची लांबी ६ मीटर भरते. सभोवती ३ मिलिमीटरची फट राहिली, तर उघडी जागा १८० चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे भिंतीला १८ सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद भोक पाडल्यासारखेच! गार हवा जड असल्याने खालच्या फटीतून निसटते आणि तिची जागा बाहेरची उष्ण हवा घेते.

ही फट बहुधा आपणच पाडलेली असते. पावसाळी दमट हवेत लाकूड रुंदीला फुगते, दार अडकते आणि सुताराकडून त्यावर रंधा फिरविला जातो. उन्हाळ्यात तेच लाकूड आक्रसते आणि फट रुंदावते. म्हणून रंधा शक्यतो कोरड्या दिवसांत, बेताने मारावा व दाराच्या सर्व कडांना, विशेषतः तळाच्या कडेला, तेल किंवा रंग द्यावा.

फट शोधण्यास उदबत्ती पुरते. वारा असताना पंखा बंद करून ती बंद दाराच्या कडेने फिरवावी. धूर हलेल तेथे चौकटीला रबराची पट्टी लावावी. उंबरठा नसेल तर तो बसवावा. दार पश्चिमाभिमुख असल्यास छज्जा किंवा पडवी करावी. लाकूड कुजले असेल किंवा वाळवीने पोखरले असेल, तरच नवे दार करावे, आणि तेही मुरलेल्या लाकडाचे.

दाराकडून अवास्तव अपेक्षाही नसावी. मे महिन्याच्या आरंभी येथे मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. तेव्हा सर्वाधिक ताप छपरातून येतो. ज्या घरी केवळ पंखा आहे, तेथे दुपारी दार लावून घेणे व रात्री जाळीच्या दारातून वारा घेणे, हाच खरा उपाय. तात्पर्य, दार बदलण्याआधी दाराची निगा राखावी. सुताराच्या दोन तासांच्या कामाने पुष्कळदा नव्या दाराचा खर्च वाचतो.