जुन्या किनेटिक होंडाचा पट्टा बदलताना

पुण्याच्या फिरोदिया समूहाच्या होंडाशी १९८४ मध्ये झालेल्या सहकार्यातून आलेल्या ‘किनेटिक होंडा’ने स्कूटरचालकांची गिअरमधून सुटका केली. इंजिनाचा वेग वाढताच पुढील पुलीतील वजने बाहेर सरकतात, पुली आवळते आणि रबरी पट्टा वर चढतो; मागील पुलीत तो खाली उतरतो. इंजिन गरजते, पण गाडी वेग घेत नसेल, तर पट्टा झिजलेला किंवा क्लच घसरत असण्याची शक्यता असते. इंजिन थंड झाल्यावर झाकण काढून पट्ट्याचे तडे व रुंदी घरीच तपासता येते. पट्ट्याला तेल वा ग्रीस लागू देऊ नये. मागील क्लच मात्र उघडू नये. त्यातील स्प्रिंग दाबलेली असते; योग्य साधनाविना नट सोडल्यास ती उसळून गंभीर इजा होऊ शकते. ते काम मेकॅनिककडेच सोपवावे.