काला अंबवर उलटे उड्डाण

पानिपतजवळचा काला अंब मराठी माणसाला ठाऊक असतो तो 14 जानेवारी 1761 या तारखेमुळे. ज्या आम्रवृक्षावरून हे नाव पडले तो आज नाही. स्मारकस्तंभ आहे आणि भोवती सपाट मैदानी मुलूख. हाच मुलूख एका अगदी निराळ्या विद्येस सोयीचा आहे, हे ऐकून वाचकांस नवल वाटेल. संगणकावरील सिम्युलेटरमध्ये विमान उलटे करून स्थिर ठेवण्याचा सराव मी याच परिसरावर करतो. येथे डोंगर नसल्याने क्षितिजाची रेघ अखंड दिसते आणि दिल्लीहून उत्तरेकडे निघालेला राष्ट्रीय महामार्ग 44 दिशा दाखवण्यास उपयोगी पडतो.

विमान उलटे करणे सोपे. तसेच ठेवणे कठीण. उलटे होताच विमानाचे नाक जमिनीकडे झुकू लागते. अशा वेळी हात आपसूक काठी स्वतःकडे ओढतो, कारण सुलट्या उड्डाणात तसे केल्यानेच नाक वर येते. उलट्या अवस्थेत मात्र त्याच कृतीने विमान जमिनीकडे सूर मारते, वेग वाढतो आणि उंची झपाट्याने संपते. म्हणून काठी पुढे ढकलून नाक क्षितिजाच्या किंचित वर धरावयाचे आणि तोल गेलाच तर काठी न ओढता विमान आधी सुलटे करावयाचे. पानिपतची भूमी समुद्रसपाटीपासून सुमारे 220 मीटर, म्हणजे 700 फुटांहून अधिक उंच आहे. तेव्हा समुद्रसपाटीपासून मोजणारा उंचीमापक 3000 फूट दाखवीत असला तरी पायाखालची, किंबहुना डोक्याखालची, खरी उंची 2300 फुटांच्याच आसपास असते.

वळण घेताना तर बुद्धीची परीक्षाच होते. काठी डावीकडे झुकवली की विमान वैमानिकाच्या उजव्या हाताकडे वळते, आणि ते नीट वळावे म्हणून पाय उजव्या पेडलवर द्यावा लागतो. हाताची आणि पायाची अशी फारकत अंगवळणी पडण्यास बरेच दिवस लागतात. माझ्या मते पहिले काही दिवस वळणाच्या वाटेस न जाता महामार्गावरून सरळच उडावे आणि दहा सेकंद उंची टिकली तरी समाधान मानावे.

जमिनीवर असा सराव करण्याची कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. फ्रेंच वैमानिक अडॉल्फ पेगू याने 1913 मध्ये ब्लेरिओ विमान हँगरमध्ये उलटे टांगले, त्यात स्वतःस पट्ट्यांनी बांधून घेतले आणि तो खाली डोके करून राहिला. सप्टेंबरमध्ये त्याने आकाशात उलटे उड्डाण करून दाखविले. आपल्याकडे हवाई कसरतींचे नाव निघाले की भारतीय वायुदलाचे ‘सूर्यकिरण’ पथक आठवते. 1996 मध्ये ते बिदर येथे स्थापन झाले. बिदरजवळच उदगीर आहे, जेथे निजामावर विजय मिळवून सदाशिवरावभाऊ पुढे पानिपताकडे निघाले!

पेगूने टांगून घेऊन जे अनुभवले ते मात्र खुर्चीवर बसून मिळत नाही. प्रत्यक्षात सारे शरीर पट्ट्यांवर लोंबकळते, रक्त डोक्याकडे धावते आणि तळाशी साचलेली धूळ वैमानिकाच्या डोळ्यांत येते. विमानासही ही अवस्था मानवावी लागते. इंधन आणि तेल उलट्या स्थितीत पोहोचविण्याची खास योजना नसेल तर इंजिन बंद पडू शकते. सिम्युलेटरमध्येही ‘एक्स्ट्रा 300’सारखे कसरतींसाठीच घडविलेले विमान निवडावे ते यासाठीच. त्याच्या पंखांचा छेद वरून व खालून सारखाच असल्याने उलट्या उड्डाणातही ते फारशी कुरकुर करीत नाही.