शिरेवाटे औषध : गतीचा विवेक

गेल्या हिवाळ्यात हाडाच्या जंतुसंसर्गामुळे माझ्या पत्नीस काही दिवस रुग्णालयात राहावे लागले. तिचा अनेक वर्षांचा चौविहाराचा नियम आहे. एके दिवशी सायंकाळी सव्वापाच वाजता परिचारिकेने व्हँकोमायसीन या प्रतिजैविकाची बाटली लावली. सूर्यास्त सहाच्या सुमारास होता आणि डबा तसाच बाजूला ठेवलेला होता. "अहो, हे आज वेळेत संपेलसे दिसत नाही," ती म्हणाली. मी उठलो आणि नळीवरील चाक फिरवून थेंबांची गती वाढविली.

दहा मिनिटांतच तिचा चेहरा, मान व छाती लालबुंद झाली आणि अंगास कंड सुटली. परिचारिकेने धावत येऊन प्रथम नळी बंद केली व मग विचारले, "काका, गती कोणी वाढवली?" माझ्याजवळ उत्तर होते, पण ते देताना मान खाली गेली. सुदैवाने उपचारांनी तासाभरात सर्व निवळले. तिने मात्र त्या रात्री पाण्याचा थेंबही घेतला नाही आणि मला एका शब्दानेही दोष दिला नाही.

पुढे डॉक्टरांनी मला शांतपणे समजावले. शिरेवाटे दिलेले औषध थेट रक्तात मिसळते. पोटातील औषधाप्रमाणे त्यास पचनाचा आडपडदा नसतो आणि एकदा आत गेलेले औषध परत घेता येत नाही. म्हणून औषध किती द्यावयाचे याइतकेच ते किती वेळात द्यावयाचे यालाही महत्त्व असते. आपण सरसकट 'सलाईन लावली' असे म्हणतो, परंतु त्या एका शब्दाआड तीन निरनिराळ्या पद्धती असतात.

पहिली पद्धत म्हणजे सिरिंजने एकदम देणे. यास 'बोलस' म्हणतात. हृदयाची लय अकस्मात अतिवेगवान झाल्यास दिले जाणारे अ‍ॅडिनोसीन हे एक-दोन सेकंदांत टोचून त्यामागोमाग लगेच सलाईन सोडावे लागते. रक्तात ते काही सेकंदांतच निष्प्रभ होते. येथे संथपणा केला तर औषध वाया जाते. मात्र सिरिंजने दिलेले प्रत्येक औषध इतक्या वेगाने द्यावयाचे नसते. अनेक औषधे काही मिनिटे घेऊन हळूहळू टोचली जातात.

दुसरी पद्धत ठराविक अंतराने देण्याची. औषध 50 ते 250 मिलिलिटर द्रावणात मिसळून अर्ध्या ते एक तासात, कधी त्याहून अधिक वेळात, दिवसातून एक वा अनेक वेळा देतात. बहुतेक प्रतिजैविके अशीच दिली जातात. पत्नीच्या बाटलीत 100 मिलिलिटर द्रावणात 500 मिलिग्रॅम औषध होते आणि त्यास किमान 60 मिनिटे हवी होती. त्या नळीच्या 20 थेंबांचा एक मिलिलिटर होतो. म्हणजे एकूण 2000 थेंब, मिनिटास सुमारे 33. आयुष्यभर व्याजाचे हिशेब केलेल्या मला हे साधे गणित करावेसे वाटले नाही. हे औषध वेगाने गेल्यास शरीरात हिस्टामिन सुटते, त्वचा लाल होते आणि रक्तदाबही घसरू शकतो.

तिसरी पद्धत अखंड ठिबकीची. रक्तदाब टिकविणारी औषधे किंवा अतिदक्षता विभागातील इन्शुलिन ही तासन्‌तास एकसारखी जावी लागतात. त्यासाठी सिरिंज पंप वापरतात. पोटॅशियम क्लोराइड तर पातळ करून संथपणेच दिले जाते. त्याचे तीव्र द्रावण थेट टोचल्यास हृदय बंद पडू शकते.

मार्गही वेगवेगळे असतात. थोड्या दिवसांसाठी हातावरील कॅन्युला पुरते. दीर्घ उपचारांत किंवा शिरेचा दाह करणाऱ्या औषधांसाठी दंडातून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नळी नेतात, अथवा छातीवर त्वचेखाली 'पोर्ट' बसवितात.

रुग्णाजवळ बसणाऱ्यांनी एवढे जरूर पाळावे. नळीवरील चाकास व पंपाच्या कळीस हात लावू नये. बाटली लावताना औषध कोणते व ते किती वेळ चालेल हे नम्रपणे विचारावे. कॅन्युलापाशी सूज किंवा जळजळ, अंगास कंड, थंडी वाजणे, धाप, यांपैकी काहीही दिसताच परिचारिकेस बोलवावे. रुग्णाचा चौविहार वा उपवास असल्यास दाखल होतानाच डॉक्टरांना सांगावे. दुसऱ्या दिवशी मी तसे सांगितले, तेव्हा सायंकाळची बाटली दुपारी चारला लावण्यात आली. एवढे सोपे होते ते!

रुग्णसेवेला, वैयावृत्त्याला, आपल्याकडे अभ्यंतर तपात स्थान आहे. नियम पाळण्याच्या घाईत माझ्या हातून जो प्रमाद घडला, त्याने एवढे शिकविले की तपास जयणेची जोड हवी. आता रुग्णाशेजारी बसलो की मी थेंब मोजतो, पण हात मांडीवरच ठेवतो.