दाखला आणि घाई : ख्रिस्ती विद्यापीठातील वर्तनशास्त्र

माणूस जसा वागतो तसा का वागतो, याचा निरीक्षण, प्रयोग आणि मापन यांच्या आधारे शोध घेणाऱ्या मानसशास्त्रादी विद्यांना वर्तनशास्त्रे म्हणतात. आणि माणूस ईश्वराच्या प्रतिरूपात निर्माण झाला व पुढे पापात पडला, या श्रद्धेवर जी शिक्षणसंस्था उभी आहे, तिथे ही शास्त्रे शिकवू लागताच माणसाविषयीच्या दोन निरनिराळ्या कल्पना समोरासमोर येतात. १९१३ मध्ये वर्तनवाद मांडून मन आणि जाणीव यांनाच शास्त्राच्या कक्षेबाहेर काढणारे जॉन वॉटसन हे साउथ कॅरोलायनातील फर्मन या बाप्टिस्ट संस्थेचे विद्यार्थी होते, आणि समुपदेशनाला नवे वळण देणारे कार्ल रॉजर्स न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीतील धर्मशिक्षण सोडून मानसशास्त्राकडे आले होते, हे पाहता अमेरिकेतील हा वाद परक्यांशी नसून बराचसा घरातलाच होता.

कॅलिफोर्नियातील पासाडेना येथे रेडिओवरील प्रवचनकार चार्ल्स फुलर यांनी १९४७ मध्ये स्थापलेल्या फुलर सेमिनरीने, म्हणजे मुख्यतः पाळक घडवणाऱ्या विद्यालयाने, १९६५ मध्ये मानसशास्त्राची शाखा उघडली. तिचे पहिले अधिष्ठाता ली एडवर्ड ट्रॅव्हिस यांची ख्याती धर्मशास्त्रातली नव्हे, तर तोतरेपणावरील संशोधनातली होती, ही निवड बोलकी आहे. त्यानंतर निघालेले रोझमीड हे मानसशास्त्राचे विद्यालय १९७७ मध्ये लॉस एंजेलिस परिसरातील बायोला या ख्रिस्ती संस्थेत सामील झाले. या दोन्ही ठिकाणी मनोविकारांचे निदान व उपचार शिकवणाऱ्या चिकित्सा मानसशास्त्राच्या जोडीने धर्मशास्त्रही अभ्यासावे लागते, आणि दोहोंची सांगड घालण्याच्या या खटाटोपाला तेथे ‘समन्वय’ म्हणतात. हा शब्द मात्र इतका सैल वापरला जातो की रुग्णासोबत प्रार्थना करण्यापासून आत्म्याच्या स्वरूपावरील तात्त्विक चर्चेपर्यंत काहीही त्यात मावते. बायबलाधारित समुपदेशनाचे पुरस्कर्ते जे ॲडम्स यांनी तर १९७० मध्ये समुपदेशनाला बायबल पुरेसे आहे अशी भूमिका घेऊन समन्वयाची गरजच नाकारली.

माणसाविषयीच्या दोन कल्पनांमधील या पेचाचे मर्म उघड करणारा प्रयोग मात्र १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. मानसशास्त्रज्ञ जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन (बॅटसन स्वतः धर्मशास्त्रातही पारंगत होते) यांनी प्रिन्स्टन थिऑलॉजिकल सेमिनरीच्या ४० विद्यार्थ्यांना छोटे भाषण देण्यासाठी एका इमारतीतून दुसरीकडे पाठवले. काहींचा विषय लूककृत शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोनीचा दाखला होता, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या माणसाला याजक आणि लेवी टाळून जातात, पण परका शोमरोनी मदत करतो ती कथा, तर उरलेल्यांचा विषय सेमिनरीतून बाहेर पडल्यावर मिळणाऱ्या नोकऱ्यांचा होता. आणि वाटेवर एक माणूस दाराशी कण्हत, खोकत पडल्याचे सोंग करीत होता. ज्यांना वेळ होता त्यांपैकी ६३ टक्के मदतीला थांबले, मध्यम घाई असलेल्यांपैकी ४५ टक्के, आणि उशीर झाला आहे असे सांगितलेल्यांपैकी अवघे १० टक्के. आपण दाखल्यावर बोलायला चाललो आहोत की नोकऱ्यांवर, याने मात्र लक्षणीय फरक पडला नाही.

परिस्थिती माणसाच्या वागण्याला किती वळण देते, याचा हा पुरावा वर्तनशास्त्राच्या वर्गात सहज स्वीकारला जातो, पण धर्मशास्त्राच्या वर्गात तोच विद्यार्थ्याला विचारतो की घाईत पुढे निघून गेलेल्याचा दोष त्याचा की परिस्थितीचा. लौकिक विद्यापीठात हा प्रश्न बहुधा दुसऱ्या विभागाकडे ढकलला जातो. ख्रिस्ती विद्यापीठात तो टाळता येत नाही, आणि या शिक्षणाचे खरे मोल एवढ्यातच आहे, प्रयोगाच्या निष्कर्षांना ख्रिस्ती मुलामा देण्यात नाही.

अशा विद्यापीठांत प्राध्यापकांकडून श्रद्धापत्रावर सही घेण्याचीही पद्धत आढळते, आणि मुक्त संशोधनाला तिचा काच होतो हा आक्षेप रास्त आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या मान्यता-नियमांतील ‘चौथी तळटीप’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीने धर्माधिष्ठित संस्थांना प्रवेश व नेमणुका यांत श्रद्धेशी थेट निगडित धोरण ठेवण्याची मुभा दिली, मात्र ते धोरण अर्ज करण्यापूर्वीच जाहीरपणे कळवलेले असावे अशी अट घातली. तेव्हा तेथे शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने विषयांच्या यादीआधी ते जाहीर धोरण वाचावे.