बावन्नाव्या वर्षी दोन शतके

आमच्या घरी ‘आता या वयात कशाला?’ असे म्हणायची सोय नव्हती. कोणी तसे म्हटले रे म्हटले, की वडील जेवता जेवता विचारीत, “देवधरांचे वय ठाऊक आहे का?” मग आई म्हणे, “झाले सुरू! आधी आमटी संपवा, निवते आहे.”

हे देवधर म्हणजे आपल्या पुण्याचेच दिनकर बळवंत देवधर. जन्म १४ जानेवारी १८९२ चा. सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवायचे आणि मैदानावर भल्याभल्या गोलंदाजांना धडे द्यायचे!

१९२६ च्या डिसेंबरात गिलिगनचा एम. सी. सी. संघ मुंबईत खेळला. त्याच्याविरुद्ध अखिल भारतीय संघातर्फे देवधरांनी १४८ धावा काढल्या. वय चौतीस, बॅट ऐन भरात. पण भारत तेव्हा कसोटी खेळत नव्हता. पहिली कसोटी लॉर्ड्सवर झाली १९३२ साली. देवधर चाळीस वर्षांचे झाले होते. संघात त्यांचे नाव नव्हते आणि पुढेही कधी आले नाही.

“भूक होती तेव्हा चूल पेटली नव्हती,” वडील म्हणत, “आणि पाने मांडली तेव्हा पंगत दुसऱ्यांची!”

दुसरा कोणी असता, तर आरामखुर्चीत बसून नशिबाला बोल लावत राहिला असता. देवधरांनी महाराष्ट्राचे कर्णधारपद सांभाळले आणि १९३९–४० व १९४०–४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक आणला. १९४४ मध्ये नवानगरविरुद्ध पुण्यात त्यांनी दोन्ही डावांत शतके ठोकली : १०५ आणि १४१. वय वर्षे बावन्न! वडिलांनी कॉलेज बुडवून हा सामना पाहिला होता. अभ्यासाबद्दल आम्हांला रागावताना मात्र एवढा तपशील ते गाळीत.

घरातही खेळ मुरला होता. तारा, सुंदर आणि सुमन या देवधरांच्या मुलींनी बॅडमिंटन गाजवले. १९७३ मध्ये त्यांच्या नावाची करंडक स्पर्धा सुरू झाली. ज्यांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही, त्यांच्या करंडकासाठी पुढे कसोटीवीर झुंजले! १९९३ साली, एकशे एकाव्या वर्षी देवधर गेले.

गेल्या वर्षी आमच्या हिने साठी उलटल्यावर सतार शिकायचे ठरवले. माझ्या तोंडून नेमके तेच वाक्य निसटले. ती काही बोलली नाही. भिंतीवरच्या वडिलांच्या तसबिरीकडे तिने नुसते पाहिले.

दुसऱ्याच दिवशी मी सतार घेऊन आलो.