खडकातील डबक्यांचे जग

विद्यार्थिमित्रांनो, उन्हाळ्याच्या सुटीत कोकणात गेलात, तर अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या सुमारास ओहोटी साधून खडकाळ किनारा अवश्य पाहा. या दिवसांत पाणी नेहमीपेक्षा दूर हटते व खडकांतील डबकी उघडी पडतात. उन्हाने त्यांतील पाणी तापते, बाष्पीभवनाने खारटपणा वाढतो. तरीही तेथील जीव तग धरतात. कसे? उघड्यावर राहिलेले बार्नॅकल कवचाची झडप घट्ट मिटून ओलावा राखतात. समुद्रफूल पाकळ्यांसारखी शुंडके आत ओढून गोळा होते. खेकडे दगडाखालच्या सावलीत शिरतात. ओहोटीपासून पूर्ण भरतीपर्यंत सुमारे ६ तास लागतात. तोवर हा ओलावाच त्यांचा आधार. म्हणून निरीक्षणासाठी उचललेला दगड होता तसाच परत ठेवा. तो उलटा राहिला, तर त्याखालचे जीव उन्हात सुकून मरतील. आणि भरती लागण्यापूर्वी तुम्हीही माघारी फिरा!